मदत मिळण्याइतकी श्रीमंत

हॅझेल फोर्क, केंटकी
३ डिसेंबर २०१३

प्रिय इमोजीन मावशी,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. ‘भट्टीत पाव आहे’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. रविवारी तीनदा फोन केला, तीनही वेळा पाव भट्टीत. तू एकटी राहतेस, इतका पाव खातं कोण? म्हणून आता पत्र लिहिते आहे. निदान ते तुझ्या टेबलावर पडून तरी राहील.

थँक्सगिव्हिंगला तुझ्या स्वयंपाकघरात आम्ही सगळे घामाघूम होतो आणि तू गळ्याला लोकरी रुमाल गुंडाळून टर्की कापत होतीस. भांडी घासताना रुमाल सरकला तेव्हा मी पाहिलं. अक्रोडाएवढी गाठ आहे तुझ्या मानेत. तू म्हणालीस ऑगस्टपासून आहे. चर्चच्या फुकट दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्कॅन करा, सुई घालून तपासा असं सांगितलं, इस्पितळाने साडेचार हजार डॉलर सांगितले आणि तू घरी येऊन रुमाल विणलास. मला वाटतं जगात आजारावर विणकाम करणारी तूच एकटी असशील.

मावशी, तुला ठाऊक आहे मी दिवसभर काय करते. काउंटीच्या आरोग्य कचेरीत बसून लोकांना नव्या कायद्याखालचा विमा निवडायला मदत करते. ज्यांना बाराखडी धड येत नाही त्यांचेसुद्धा अर्ज मी भरून दिले. आणि माझी सख्खी मावशी अडतीस मैलांवर टेनेसीत विम्याशिवाय बसली आहे. आता कंपनीला ‘आजार आधीपासून होता’ म्हणून कुणाला नाकारता येत नाही. तुलाही नाकारणार नाहीत. कमाई कमी असेल तर हप्त्याला सरकार हातभार लावतं. पंधरा तारखेच्या आत अर्ज केलास तर एक जानेवारीपासून तुझा विमा सुरू.

अर्ज कर. कर ना ग बाई.

तुझी,
ट्वायला


कार्टर्स मिल, टेनेसी
९ डिसेंबर

ट्वायला,

पत्र मिळालं. अक्षर सुधार. तुझी आई तुझ्यापेक्षा बरं लिहायची, आणि ती डावखुरी होती.

माझ्या मानेचं मी बघीन. तीस वर्षं मी माझ्या केसांच्या दुकानात या गावातल्या बायकांच्या माना धुते आहे, मला गाठी कळतात. मेबल स्ट्रंकला मानेवर लिंबाएवढी गाठ होती, ती नव्वदीपर्यंत जगली आणि शेवटी शिडीवरून पडून गेली.

आणि तुझ्या त्या कायद्याबद्दल सांगायचं तर मला सरकारने माझ्या मानेत नाक खुपसलेलं नको आहे. दुकानात येणाऱ्या सगळ्या बायकांचं हेच म्हणणं आहे. अल्बर्टा म्हणत होती, एकदा नाव नोंदवलं की ते तुमच्या कपाटात काय काय आहे तेही विचारतात. मी आजवर कुणाचं फुकट घेतलं नाही, आता अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू करणार नाही.

ख्रिसमसला येशील तेव्हा रताळ्याची गोड पाई आणू नकोस. गेल्या वेळची अजून पोटात आहे.

मावशी


हॅझेल फोर्क
१२ डिसेंबर

प्रिय मावशी,

अल्बर्टाला सांग, तिच्या कपाटात काय आहे हे अख्ख्या गावाला आधीच माहीत आहे.

फुकट कोण म्हणालं? तू कर भरतेस. हप्ताही भरशील, फक्त झेपेल एवढा. आणि मेबल स्ट्रंकच्या गाठीचं मला सांगू नकोस. तिची गाठ चरबीची होती आणि ती चाळीस वर्षं होती. तुझी चार महिन्यांत अक्रोडाएवढी झाली.

आमच्याकडे काल एक म्हातारा आला होता. म्हणाला, “मला तो सरकारी कायद्याचा विमा नको, मला केंटकीवाला पाहिजे.” मी म्हटलं, “काका, तोच तो, फक्त नाव वेगळं.” म्हणाला, “नाही नाही, तो नाही, हा चांगला आहे.” मी त्याचा अर्ज भरला. माझा दिवस हा असा जातो. घरच्यांनी तरी मला छळू नये एवढीच अपेक्षा आहे.

तीन दिवस राहिले आहेत. तुझ्या गावच्या ग्रंथालयात संगणक आहे, तिथली बाई मदत करील. तू गेली नाहीस तर मी ख्रिसमसला येणार नाही. पाईसुद्धा नाही.

ट्वायला


कार्टर्स मिल
६ जानेवारी २०१४

ट्वायला,

तू खरंच आली नाहीस. मला वाटलं होतं येशील. मी तीन माणसांचं जेवण केलं आणि ते चार दिवस एकटीने खाल्लं. तुझ्या नवऱ्याने तरी फोन करायचा.

आता एक सांगते, पण त्यावर तू व्याख्यान द्यायचं नाही.

मी अर्ज केला होता. तुझं पहिलं पत्र यायच्या आधीच, नोव्हेंबरात. ग्रंथालयातल्या लेनोराने चार दिवस माझ्याबरोबर संगणकाशी झटापट केली. तीनदा तो मध्येच बंद पडला, एकदा माझी जन्मतारीख मला खरी वाटत नाही म्हणाला. शेवटी उत्तर आलं. लेनोराने ते मोठ्याने वाचलं आणि ग्रंथालयात तेव्हा वर्तमानपत्र वाचायला हॅरल्सन पतिपत्नी बसले होते. उत्तर असं की माझी कमाई फार कमी आहे, म्हणून मला हप्त्यात मदत मिळणार नाही. विमा हवा असेल तर महिना चारशे तीस डॉलर पूर्ण भरा.

लेनोरा म्हणाली, “काहीतरी चूक असेल, इमोजीन. श्रीमंत आहात म्हणून नाही म्हणतील, गरीब आहात म्हणून कसं म्हणतील?” पुन्हा केलं. तेच उत्तर आलं. हॅरल्सनबाईंनी वर्तमानपत्र इतकं वर धरलं की त्यांचं तोंड दिसेना. मी कोट घातला आणि घरी आले.

म्हणून तुला ते सरकार आणि नाक वगैरे लिहिलं. मदत मागायला जाऊन ‘तुम्ही मदतीच्याही लायक नाही’ असं ऐकणं बरं नसतं. तुला ते कळायचं नाही, तू टेबलाच्या पलीकडे बसतेस.

मावशी


हॅझेल फोर्क
९ जानेवारी

माझी लाडकी मावशी,

मी तुझं पत्र कचेरीत वाचलं आणि इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या हातून कॉफी सांडली. तुझ्यावर नाही ओरडले. बरं, थोडी तुझ्यावरही. नोव्हेंबरपासून तू हे पोटात ठेवलंस आणि मला अल्बर्टाच्या कपाटाच्या गोष्टी सांगत बसलीस. ख्रिसमसबद्दल मला माफ कर. मी घरी बसून रडत होते, पण तुला धडा शिकवायचा हट्ट सोडवत नव्हता.

चूक कुणाचीच नाही. कायदाच तसा झाला आहे. नीट वाच. कायदा करणाऱ्यांनी ठरवलं होतं की फार गरीब असतील त्यांना राज्याने गरिबांच्या सरकारी विम्यात घ्यायचं, आणि त्याच्या वर कमावणाऱ्यांना हप्त्यात मदत द्यायची. मग न्यायालय म्हणालं की राज्यांवर सक्ती नाही. केंटकीने घेतलं, टेनेसीने घेतलं नाही. त्यामुळे टेनेसीत एकट्या माणसाने वर्षाला साधारण साडेअकरा हजारांच्या वर कमावलं तर मदत मिळते, त्याखाली कमावलं तर काहीच मिळत नाही. तू माझ्या गावात राहत असतीस तर आज तुला एक पैसा न भरता विमा असता. अडतीस मैलांचा प्रश्न आहे, मावशी. मला हे दिवसातून दोनदा टेनेसीच्या लोकांना फोनवर सांगावं लागतं आणि दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

अर्जात किती लिहिलंस?

आणि इकडे राहायला ये. आमची मागची खोली रिकामी आहे.

ट्वायला


कार्टर्स मिल
२० जानेवारी

ट्वायला,

दहा हजार चारशे लिहिले. दुकानाचं भाडं, वीज, शॅम्पू, केसांना लावायची औषधं, सगळं वजा जाता तेवढेच उरतात. मी खोटं लिहीत नाही.

तुझ्या मागच्या खोलीत मी येणार नाही. तिथे तुझ्या नवऱ्याच्या मासेमारीच्या काठ्या आहेत आणि वास आहे. शिवाय मी इथून गेले तर शुक्रवारी ओपल हचेन्सचे केस कोण करील? ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, मान मागे टाकताना तिला धरावं लागतं. दर शुक्रवारी दहा वाजता, एकोणतीस वर्षं. सांग, कोण करील?

तू आता लिहिशील की मग भाव वाढव. बारा डॉलरचे तेरा कर. मी नाही करणार. त्या बायका पेन्शनीतून नाणी मोजून देतात. आणि वर्षाला अकराशे जास्त कमवायचे म्हणजे आणखी शंभर डोकी. कार्टर्स मिलमध्ये आणखी शंभर डोकीच नाहीत, असली तर ती टोपीखाली टक्कल असलेली.

इथे भयंकर थंडी आहे. गेल्या आठवड्यात तीन बायका गेल्या. तिघीही माझ्याकडच्या. मंगळवार, बुधवार आणि शनिवार असे तीन दिवस मी ट्रेडवेंच्या अंत्यविधी गृहात होते. तिथे खालच्या खोलीत गरम करत नाहीत. मान अवघडली आहे, बस. गाठ तशीच आहे. गिळताना जरा लागतं, एवढंच.

मावशी


हॅझेल फोर्क
२४ जानेवारी

मावशी,

गिळताना लागतं हे तू शेवटच्या ओळीत ‘एवढंच’ म्हणून लिहितेस. मी हात टेकले.

एक विचारते. ट्रेडवेंकडे तू मेलेल्या बायकांचे केस करतेस. लहानपणापासून मला माहीत आहे, तुमच्या गावात जिवंतपणी जिने केस केले तिनेच शेवटचे करायचे अशी रीत आहे. तर ट्रेडवे तुला त्याचे काही देतात का?

लगेच उत्तर दे. हे महत्त्वाचं आहे.

ट्वायला


कार्टर्स मिल
१८ फेब्रुवारी

ट्वायला,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही कारण मी रागावले होते. अजून आहे.

कॉय ट्रेडवे दर वेळी हातात पाकीट देतो. माझ्या आधी दुकान चालवणाऱ्या मिस फ्लॉसीला त्याचे वडील द्यायचे. मिस फ्लॉसीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, “हे पाकीट उघडायचं नाही, इमोजीन. ही मजुरी नाही. तसंच रविवारी चर्चच्या दानाच्या ताटात टाकायचं.” मी तसंच टाकते. एकोणतीस वर्षांत एकही उघडलं नाही. आत काय असतं ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचं नाही.

तू काय विचारणार आहेस ते मला कळलं आहे. उत्तर नाही. ज्या बाईचे केस मी दर आठवड्याला केले, जिच्या नवऱ्याची मारहाण मला माहीत, जिचं पोर गेलं तेव्हा जी माझ्या खुर्चीत बसून रडली, तिला मी शेवटचं नीटनेटकं करते. ते कमाईच्या रकान्यात लिहायचं? माझ्या मानेसाठी? लाज वाटेल मला तिच्याकडे बघायला.

या विषयावर पुन्हा लिहू नकोस.

इमोजीन


हॅझेल फोर्क
२२ फेब्रुवारी

मावशी,

पुन्हा लिहिते. तू ‘इमोजीन’ म्हणून सही केलीस म्हणून मी घाबरून गप्प बसेन असं वाटलं असेल तर मला आईइतकंच तूही वाढवलं आहेस हे विसरू नकोस.

आईला आठ महिने खोकला होता. आठ महिने ती मला म्हणायची, परागांमुळे होतंय, धुळीमुळे होतंय. दोन कंपन्यांनी तिला नाकारलं होतं कारण तिला पूर्वी दम्याचा त्रास होता, आणि ती लाजेने कुणाला सांगत नव्हती. मला म्हणाली होती, “इमोजीनला बोलू नकोस, ती दुकान विकायला निघेल.” मी बोलले नाही. मी तुला सांगितलं नाही आणि ती गेली. पाच वर्षं हे तुला सांगायचं धाडस झालं नव्हतं. आता सांगितलं. हवं तर रागाव, पण मी दुसऱ्यांदा गप्प बसणार नाही.

पाकीट उघडलं नाही म्हणजे पैसे मिळाले नाहीत असं होत नाही. तुझ्या हातात आले, तू चर्चला दिलेस, म्हणजे ते आधी तुझे होते. तू ‘मी खोटं लिहीत नाही’ म्हणतेस ना? मग अर्जात दहा हजार चारशे लिहिलेस ते खोटं होतं. चांगल्या मनाने लिहिलेलं, पण खोटं. त्या बायकांचा मान राखायला तू स्वतःला कागदावर इतकं गरीब केलंस की सरकारला तू दिसेनाशीच झालीस.

आणि त्या बायकांपैकी एकीला तरी विचारलंस का, माझी मान की तुमचा मान?

ट्वायला


कार्टर्स मिल
१५ मार्च

पोरी,

वँडाचं, तुझ्या आईचं, ते वाचून मी दोन दिवस दुकान उघडलं नाही. तुझ्यावर रागावले नाही. तिच्यावर रागावले. दुकान मी खरंच विकलं असतं. तिला ते माहीत होतं म्हणूनच सांगितलं नाही, आणि आता मी तेच तुझ्याशी करत होते. आम्ही बहिणी दोघीही एकसारख्या मूर्ख.

तू म्हणालीस, विचार. मेलेल्यांना कसं विचारणार? म्हणून काल शुक्रवारी ओपलला विचारलं. तिची मान माझ्या हातात होती, केसांत फेस. मी सगळं सांगितलं. गाठ, ग्रंथालय, पाकिटं. तिचे डोळे मिटलेले, मला वाटलं झोपली. मग म्हणाली, “म्हणजे मी मेले तर तुझ्या विम्याला हातभार लागेल?” मी म्हटलं, “ओपल, असं काय बोलतेस!” म्हणाली, “मग मला या वर्षात धर. जमेल की नाही सांगता येत नाही, पण प्रयत्न करीन.”

ड्रायरखाली अल्बर्टा होती. तिला ऐकू येत नाही असं मी समजत होते. ती ड्रायर वर करून म्हणाली, “मलाही धर. पण माझे केस तांबडे करायचे, पांढरे नाही.” मग सगळ्याच बोलायला लागल्या. मी आत जाऊन औषधांच्या बाटल्या मोजत बसले, कारण तिथे उभं राहवेना.

दुपारी कॉय ट्रेडवेकडे गेले. त्याच्याकडे सगळं लिहिलेलं आहे. गेल्या वर्षी एकतीस बायका, दर पाकिटात पन्नास. तो म्हणाला, “इमोजीन, मी दर वर्षी तुम्हाला ही यादी द्यायला बघत होतो, तुम्ही कधी थांबलाच नाहीत.” मी ती यादी वाचली नाही, मला नावं पाठ आहेत. पण मी ती घरी पुन्हा माझ्या हाताने लिहिली, प्रत्येकीचं पूर्ण नाव आणि तिचे केस कसे असायचे ते. सोबत पाठवते आहे. एवढं मला करू दे.

मावशी


हॅझेल फोर्क
१८ मार्च

प्रिय मावशी,

अर्जाला नावं लागत नाहीत, नुसता आकडा लागतो. पण तुझी यादी मी माझ्या खणात ठेवली आहे. इथे कुणाला दाखवणार नाही. ‘एडना राइस, डावीकडे भोवरा, कितीही केलं तरी उठायचाच’ हे वाचून मी हसले आणि मग टेबलाखाली काहीतरी पडल्याचं सोंग करून रडले.

एकतीस पाकिटं म्हणजे पंधराशे पन्नास. तू आता मदत मिळण्याइतकी श्रीमंत झालीस. या वर्षीही साधारण तेवढंच मिळेल असं लिहायचं. ते खरंच आहे, कारण तेवढं दर वर्षी मिळतंच. कर भरताना हेही लिहायचं, त्याबद्दल इथल्या करवाल्या माणसाला मी विचारलं आहे, थोडा जास्त भरावा लागेल. भर आणि कुरकूर करू नकोस.

आता माझं डोकं का फिरलं ते ऐक. पंधरा मार्चच्या आत अर्ज दुरुस्त झाला असता तर विमा एक एप्रिलला सुरू झाला असता. तुझं पत्र सतराला आलं. आता एक मेपर्यंत थांबायचं. दीड महिना! तुझ्या रागाचे तीन आठवडे आणि माझं ख्रिसमसचं रुसणं, दोन्ही मिळून दीड महिना. एकतीस मार्चला दार बंद होतं. उद्याच लेनोराकडे जा. आणि योजना निवडताना माझ्याशी बोल!

ट्वायला


कार्टर्स मिल
२४ मार्च

ट्वायला,

झालं! लेनोराने या वेळी दार लावून घेतलं. आकडा घातला आणि दोन मिनिटांत उत्तर आलं, हप्त्यात मदत मंजूर. मागच्या वेळी याच संकेतस्थळाने मला दारातून हाकललं होतं आणि आता म्हणतं, सत्तावीस योजना आहेत, निवडा. मला जोड्यांच्या दुकानात सत्तावीस जोडे दाखवले तर मी अनवाणी घरी येते.

तुला विचारणार होते, पण तू कचेरीत असतेस आणि तुझा फोन लागत नव्हता. मी ब्राँझ नावाची घेतली. हप्ता महिन्याला शून्य डॉलर! लेनोरालाही विश्वास बसेना. म्हणजे एवढा तमाशा झाला, पण शेवटी फुकट पदरात पडलं. तू उगीच घाबरवत होतीस.

मावशी


हॅझेल फोर्क
२६ मार्च

मावशी!

नाही! नाही, नाही आणि नाही!

हे पत्र मी जलद टपालाने पाठवते आहे आणि दुकानात निरोपही ठेवला आहे. फोन अल्बर्टाने उचलला, म्हणून निरोप पोचेल याची खात्री नाही.

ब्राँझला हप्ता शून्य आहे कारण ती आधी तुझ्या खिशातून सहा हजार डॉलर घेईल. तू सहा हजार भरल्याशिवाय ती हलणार नाही. स्कॅन साडेचार हजाराचा, तो सगळा तूच भरायचा. मग चार महिने आपण भांडलो कशाला?

सिल्व्हर घे. महिना एकोणीस डॉलर. तुझ्याएवढ्या कमाईच्या माणसाला सिल्व्हरमध्ये कायद्याने आणखी सूट मिळते, आणि ती फक्त सिल्व्हरमध्येच मिळते, हे ते कुठेही मोठ्या अक्षरांत लिहीत नाहीत. खिशातून आधी फक्त दीडशे. दीडशे, मावशी! आणि योजनेच्या डॉक्टरांच्या यादीत बघ, नॅशव्हिलला मानेच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एक नावाजलेल्या बाई आहेत, त्यांचं नाव आहे की नाही. नसेल तर दुसरी सिल्व्हर घे.

चार महिने मी तुला ‘विमा घे, विमा घे’ म्हणत बसले आणि कोणता घ्यायचा ते एकदाही लिहिलं नाही. दिवसाला वीस लोकांना हेच समजावते. आता कपाळ बडवून घेते आहे, ते माझंच.

ट्वायला


कार्टर्स मिल
२९ मार्च

बदलली. सिल्व्हर. डॉक्टरीणबाईंचं नाव आहे. लेनोराने तीनदा तपासलं. एकोणीस डॉलर तिथल्या तिथे भरले.

ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असं ठेवण्यापेक्षा ‘सहा हजारांचा खड्डा’ असंच नाव द्यायचं, म्हणजे माणूस पाय टाकताना बघेल. हे तुझ्या कचेरीत कुणाला तरी सांग.

मावशी


कार्टर्स मिल
२२ मे

लाडक्या पोरी,

मी फोन करणार होते, पण तुझा आवाज ऐकला असता तर हे सांगून झालं नसतं.

पाच मेला स्कॅन झाला, बाराला सुई. काल डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. कॅन्सर आहे, गळ्यातल्या ग्रंथीचा. त्याच बाजूच्या दुसऱ्या एका गाठीपर्यंत गेला आहे. मी सरळ विचारलं, “ऑगस्टमध्ये आले असते तर?” त्या कागद चाळायला लागल्या. मी पुन्हा विचारलं. म्हणाल्या, “तर बहुधा लहान शस्त्रक्रियेत भागलं असतं. आता मोठी करावी लागेल. पण निघेल. पूर्ण निघेल असं मला वाटतं.” आवाज काही महिने घोगरा राहील, कदाचित कायमचा. मी म्हटलं, माझ्या भाचीला ते आवडेल.

मला राग आला आहे. ऑगस्टपासून माझ्या मानेत हे होतं, आणि मी रुमाल विणत होते, आणि संकेतस्थळ मला गरीब म्हणत होतं, आणि मी पाकिटं न उघडण्याचा मोठेपणा मिरवत होते. कुणावर रागवायचं ते ठरवता येत नाही. डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर पैशांच्या खिडकीतल्या मुलीने विम्याचं कार्ड यंत्रातून सरकवलं आणि म्हणाली, “तुमचं झालं, मॅडम, आज काही द्यायचं नाही.” मी तिथे काउंटरला धरून रडले. ती बिचारी घाबरून म्हणाली, “काही चुकलं का?” मी म्हटलं, “नाही ग, सहा महिन्यांपूर्वी हेच ऐकायला हवं होतं.”

शस्त्रक्रिया पुढच्या शुक्रवारी. ओपल म्हणाली, ती शनिवारी येईल, तिला घाई नाही. पण मी तिला लेनोराच्या बहिणीकडे पाठवते आहे, ती बरी करते.

आता एक मागते. शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे मान ओली करायची नाही. तर तू गुरुवारी दुपारी ये. मला माझ्याच खुर्चीत बसव, मान मागे घे आणि माझे केस धू. तुला येत नाही ते मला माहीत आहे, मी सांगेन तसं कर. एकोणतीस वर्षांत त्या खुर्चीत मी कधी बसले नाही. बाकीच्यांचे शेवटचे मी करते, माझे कुणीतरी मी जिवंत असताना करावेत असं वाटतंय. मला भीती वाटते आहे, ट्वायला. तू लवकर ये.

तुझी मावशी